मोझरीचा मामा

ललितच्या जहाजाची बातमी आली त्या संध्याकाळीही बाबांनी वाचनालयातून आणलेलं पुस्तक पुरं केलं. मी अकोल्याहून नुकतीच घरी पोचले होते. आई ओट्यापाशी उभी होती, गॅस बंद होता, आणि बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत पुस्तक हातभर लांब धरून बसले होते. मधूनमधून पान उलटत होते, म्हणजे खरंच वाचत होते.

ललित माझा धाकटा भाऊ. अमरावतीच्या आयटीआयमधून फिटर झाला, काही दिवस नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात काढले आणि मग मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये लागला. त्याआधी त्याने समुद्र पाहिला नव्हता. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बंदुका घेतलेली माणसं छोट्या बोटींतून आली, जहाजावर चढली आणि काही खलाशांना घेऊन गेली. त्यांत तो होता. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातल्या एका बाईंनी हे फोनवर सांगितलं. त्या हिंदीत, सावकाश बोलल्या. बोलणी कंपनी करेल. तुम्ही कोणाला सांगू नका, पेपरवाल्यांना तर नाहीच. गाजावाजा झाला की तिकडची माणसं अडून बसतात. आम्ही बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "त्याची जेवाखायाची सोय असन का?"

बाबा वीज मंडळात लाइनमन होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचे दोनच उद्योग, सकाळी विहारात जाणं आणि दुपारी वाचनालयात. तिथे ते थरारकथा घ्यायचे. खाकी कागदाची कव्हरं घातलेली, कोपरे गोल झालेली पुस्तकं. त्यांची एक अट होती. गोष्टीतला माणूस साधा पाहिजे. बँकेतला रोखपाल, दवाखान्यातला कंपाउंडर, एसटीतून चुकीच्या फाट्यावर उतरलेली शिक्षिका. पोलीस नको, हेर नको. शाळेत असताना मी त्यांना कारण विचारलं होतं.

"थ्या पोलिसाले सारं माहीत असते न बाई," ते म्हणाले होते, "कोनत्या दारानं पळाचं, बंदूक कशी धराची. आपल्याले काय माहीत असते? मंग थो माणूस काय करन, हे पाहाले मजा येते."

वाचता वाचता ते त्या माणसाला सल्ले द्यायचे. "अबे, दिवा बंद कर आधी." "तिच्यावर भरोसा ठेवू नको, थे फितूर हाये." आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कोनासंग भांडून राह्यले?"

स्वतःच्या कामात काही धोका होता असं मात्र त्यांनी कधी म्हटलं नाही. भर पावसात, झाड पडलेल्या तारांखाली त्यांनी कामं केली होती. "त्यात काय? परमिट घ्या, लाइन बंद करा, चढा." फक्त एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. लाइन बंद आहे असं कोणीही सांगो, साहेब सांगो, जुना मित्र सांगो, तारेला हात लावण्याआधी जमिनीशी जोडलेला लांब दांडा तारेला लावून आपण स्वतः पाहायचं. देवमन नावाचे त्यांचे जोडीदार एकदा दुसऱ्याच्या शब्दावर चढले होते. त्यांना खाली उतरवायला बाबाच वर गेले होते.

ललितची बातमी आल्यानंतरच्या दिवसांत काय झालं असं कोणी विचारलं, तर काही झालं नाही हेच खरं उत्तर आहे. मुंबईच्या बाईंचा दर गुरुवारी फोन यायचा. "अभी कुछ नया नहीं है." एवढंच. तेवढं ऐकायला आई बुधवारपासून फोन चार्जिंगला लावून ठेवायची.

दरवर्षी आम्ही विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. त्या वर्षी गेलो नाही. शेजारच्या आशाबाईंनी कारण विचारलं तेव्हा आई म्हणाली, "नीलमच्या बाबाचे गुडघे लय दुखून राह्यले."

"अन् ललित काय म्हनते?"

"रेंज नाही नं बाई तिकडं. पानीच पानी."

आई तोवर साधं खोटंही अडखळत बोलायची. आता ती भाजी निवडता निवडता, वर न बघता बोलत होती.

अकोल्यात मी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. गावोगावच्या विहिरींचे, बोअरचे नमुने येतात. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट. या सगळ्या काळात माझ्या कामात एकही चूक झाली नाही. झोप लागायची, भूक लागायची. एकदा मी मुद्दाम खोलीचं दार लावून बसले, रडू येतं का ते बघायला. काही आलं नाही. मग उठून बादलीतले कपडे वाळत घातले.

दिवाळीच्या सुट्टीत मी अमरावतीला होते. त्या आठवड्यात मुंबईच्या बाईंनी एक नवी गोष्ट सांगितली होती. ती माणसं कधीकधी बंदीवानांना घरी फोन लावायला लावतात, घरच्यांनी कंपनीच्या मागे लागावं म्हणून. तसा फोन आला तर घाबरू नका. जागा विचारू नका, किती जण आहेत विचारू नका, कसलं वचन देऊ नका. घरचं साधं बोला. एखादा मिनिटच मिळेल.

त्या दुपारी बाबांनी मला गच्चीवर बोलावलं. हातात पुस्तक नव्हतं.

"थे बाई म्हनते सारे बरे हायेत," ते म्हणाले. "तिले कोनी सांगतलं? थ्याच लोकायनं. मले खात्री करा लागन."

"कशी?"

त्यांनी समजावून सांगितलं. एका पुस्तकात एका रोखपालाला पळवून नेतात. त्याची बायको फोनवर त्याला नसलेल्या नातेवाइकाबद्दल विचारते. रोखपाल ओळखतो. ठीक असला तर एक उत्तर देतो, जिवाला धोका असला तर दुसरं. ऐकणाऱ्या गुंडांना काही कळत नाही.

"मी त्याले मोझरीच्या मामाचं विचारन. घर बांधून झालं का म्हणून. मोझरीले आपलं कोनीच नाही. झालं म्हणला, का समज सारं ठीक हाये. नाही झालं म्हणला, त मारहान होऊन राह्यली, नाही त तब्येत बिघडली."

"पण बाबा, हे ललितले कसं माहीत राहीन?"

"थे पुस्तक देल्लं होतं मी त्याले. दहावीच्या सुट्टीत. मस्त हाये म्हणला होता."

"तो तुमची पुस्तकं वाचत नव्हता, बाबा. नुसता घेऊन बसायचा."

"तुले काय माहीत?"

मला माहीत होतं. ललित पंख्याखाली आडवा पडून पुस्तक तोंडावर ठेवायचा आणि झोपायचा. दोन दिवसांनी बाबांनी विचारलं की मस्त म्हणायचा. पण बाबा जिना उतरायला लागले होते, आणि फोन येईल असं मला तरी वाटत नव्हतं.

फोन दुसऱ्याच दिवशी आला. लांबलचक परदेशी नंबर. आई मोरीत भांडी घासत होती. बाबांनी फोन उचलला आणि मी स्पीकर लावला.

"बाबा, मी ललित."

आवाज त्याचाच होता, पण पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा. "मी बरा हाव. आमी सारे बरे हाव. कंपनीले सांगा लवकर करा म्हणून."

बाबा खुर्चीत ताठ झाले. "ललित, मोझरीच्या मामाचं घर बांधून झालं का?"

पलीकडे किडे किरकिरत होते. आपल्याकडे भादव्यात किरकिरतात तसे, पण खूप जास्त.

"कोनता मामा?"

"मोझरीचा. मोझरीचा मामा रे. घर बांधून राह्यला होता न. झालं का बांधून?"

"बाबा..."

मग दुसरा एक पुरुषाचा आवाज, एक शब्द, आणि फोन बंद झाला.

आई मोरीतून आली होती. हाताला साबण होता. हात पुढे केलेला होता, फोन घ्यायला. बाबांनी फोन तिला दिला नाही, स्वतःच्याच हातात धरून ठेवला. स्क्रीन काळी झाली की अंगठ्याने उजळवायचे. पुन्हा काळी व्हायची. असं बराच वेळ चाललं.

"बाबा म्हणला थो," आई म्हणाली. "त्याच्या पुढं काय म्हनाचं असन त्याले?"

मग तिने हात धुतले आणि उरलेली भांडी घासली. त्या दिवसापासून ती बाबांशी थेट बोलेनाशी झाली. भांडण केलं नाही. ताट वाढायची, औषध द्यायची. "नीलम, त्यायले विचार भात पायजे का." मी नसले की काय करत असतील ते मला माहीत नाही.

बाबा एवढंच म्हणाले, "झालं म्हणला नाही थो. नाही झालं, असंही म्हणला नाही."

प्रयोगशाळेत असं धड इकडचं ना तिकडचं उत्तर आलं की आम्ही तो नमुना टाकून देतो आणि दुसरा मागवतो.

परत जायच्या आदल्या दिवशी मी बाबांबरोबर वाचनालयात गेले. त्यांना ते रोखपालाचं पुस्तक हवं होतं. नाव आठवत नव्हतं. ग्रंथपाल वामनराव शिडीवर चढून वरच्या फळीवरची पुस्तकं खाली देत होते आणि टेबलाशी सूर्यभानकाका बसले होते. सूर्यभानकाका चांदूर रेल्वेकडचे शेतकरी, मुलाने अमरावतीत घर घेतल्यावर इथे आलेले. बाबांशी त्यांची वाचण्यावरून जुनी स्पर्धा होती. बाबांनी पुस्तक नेलं की काका त्याचा शेवट सांगून टाकायचे.

"कोनतं पायजे भाऊ?" काकांनी विचारलं.

"थे रोखपालाचं. त्याची बायको फोनवर मामाचं विचारते, थे."

"मामा?" काका हसले. "आत्या होती आत्या! पार विसरले राजा तुमी. अन् त्याले काही समजतच नाही. थो म्हनते, कोनती आत्या? तिथंच त गुंडायले डाऊट येते. मंग जे मारतात त्याले!"

बाबांच्या हातात दुसरंच एक पुस्तक होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं.

"मंग?" मी विचारलं. बाबांनी विचारलं नसतं.

"मंग काय, सुटते. दोनशे पानं झाल्याशिवाय मरते का थो? माया त हिशोब सरळ हाये पोरी. सादा माणूस पायजे. पोलिसाची गोष्ट काय वाचाची? त्यायले धोक्याचाच पगार भेटते. सादा माणूस कसा, घरून भाजी आनाले निघते अन् फसते. तवा वाटते, आपन रायतो त काय केलं असतं!" त्यांनी बाबांच्या हातावर थाप मारली. "काहो धर्मपालभाऊ? तुमी काय केलं असतं?"

"काय मालूम," बाबा म्हणाले.

वामनराव शिडीवरून उतरले. "काका, भाऊले त्रास देऊ नका. ते आजकाल वाचलेलीच पुस्तकं नेऊन राह्यले."

ते त्यांना कसं कळतं ते मी पाहिलं. जुन्या वाचकांची तिथे एक पद्धत आहे. एकसारख्या नावांच्या पुस्तकांत गोंधळ होतो, म्हणून वाचून झालं की प्रत्येक जण ठरलेल्या पानावर पेन्सिलने आपली बारीक खूण करतो. काकांची अकराव्या पानावर गाय. बाबांची तेहतिसाव्या पानावर विजेचा बाण, खांबावरच्या धोक्याच्या पाटीवर असतो तसा. खूण दिसली की पुस्तक परत ठेवायचं, पुढचं बघायचं.

बाबा फळीवरून एकेक पुस्तक काढत होते, तेहतिसावं पान उघडत होते, आणि बाण नसेल ते परत ठेवत होते. बाण असलेली दोन त्यांनी काखेत घेतली. त्या दोन्हींतली माणसं शेवटी घरी येतात, हे त्यांना आधीच माहीत होतं.

हिवाळा आला. मी अकोल्यात होते. सकाळी खोलीतून निघायचं, प्रयोगशाळेत जायचं, संध्याकाळी आईला फोन करायचा. आई म्हणायची, "काही नाही." मी म्हणायचे, "बरं." मग आम्ही थंडीबद्दल बोलायचो. ललितचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला तर त्याचा आयटीआयच्या ओळखपत्रावरचा फोटोच यायचा, शर्टाच्या कॉलरीसकट.

तो सुटला तेव्हा मी बोअरच्या पाण्याचा जडपणा मोजत होते. हे काम सोपं असतं. फ्लास्कमधलं पाणी वाइनसारखं लाल असतं, त्यात वरच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं. एका थेंबाला रंग निळा होतो, तिथे थांबायचं. फोन टेबलावर थरथरत होता. बाईंचं नाव दिसलं, गुरुवार नव्हता. मी डाव्या हाताने फोन कानाला लावला.

"सब लोग छूट गए, मॅडम. सब सेफ हैं. ललित भी."

"थँक यू," मी म्हटलं.

रंग जांभळा झाला होता. आणखी दोन थेंब सोडले, निळा झाला. नळीवरचा आकडा वाचून लिहिला. मग दुसरा नमुना घेतला, कारण दोनदा करायचं असतं. दोन्ही आकडे जुळले. मग मी साहेबांकडे जाऊन अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि मूर्तिजापूरमार्गे जाणाऱ्या बसमध्ये बसले. शेजारच्या बाईने मला शेंगा दिल्या, त्या मी खाल्ल्या.

आणखी काही दिवस कागदपत्रांत गेले आणि ललित बडनेऱ्याला उतरला. दाढी वाढलेली, मान बारीक झालेली. पायांवर सगळीकडे खाजवलेल्या खुणा. आईने त्याचा हात धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. बाबा त्याची बॅग घेऊन मागून चालत होते. "जयभीम," एवढंच म्हणाले होते ते त्याला, आणि तोही "जयभीम बाबा" म्हणाला होता.

पेपरात छोटी बातमी आली आणि मग लोक यायला लागले. आशाबाई येऊन आईवर रुसल्या. "एवढं झालं अन् मले गुडघे सांगत होती तू!" गल्लीतली माणसं आली, विहारातली आली. सूर्यभानकाका संत्र्यांची पिशवी घेऊन आले. पिशवी आईच्या हातात देऊन ते ललितच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसले. त्यांना आधी बाबांचा राग आला होता. "सांगतलं नाही भाऊ तुमी. अन् मी आपला तिथं काय काय बोलत होतो." मग तो राग ते विसरले.

"सांग नं गड्या. कसं झालं?"

"आले अन् घेऊन गेले," ललित म्हणाला.

"कुठं ठेवलं?"

"दलदलीत. झाडं होती. खाली ताडपत्री."

"मारलं का?"

"कधी कधी."

"पळाचा विचार नाही आला? रातच्याले, पहारेकऱ्याले डुलकी लागल्यावर?"

"कुठं पळता काका? चहूबाजूनं पानी. मले पोहता येत नाही."

काका थोडे पुढे झुकले. "मंग करत काय होते तुमी दिवसभर?"

"बसून राहो."

"नाही, पन मंग?"

"मंग रात होय. मंग पुन्हा बसून राहो."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे बघत होते. काकांनी आणखी एक-दोन प्रश्न विचारले, त्यांचीही तशीच उत्तरं मिळाली. मग ते मागे टेकले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "थकला हाये पोरगा. आराम करू द्या त्याले." जाताना ललितच्या डोक्यावरून हात फिरवला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला हवं होतं ते इथे नव्हतं.

ते गेल्यावर आईने पानं वाढली. ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर. ललित हळू जेवत होता, प्रत्येक घास बराच वेळ चावत. बाबा जेवत नव्हते. भाकरीचा तुकडा त्यांनी हातात धरून ठेवला होता. ते त्या फोनबद्दल विचारणार हे मला कळलं. आईलाही कळलं असावं, ती ओट्याकडून येऊन आमच्यात बसली. ललितला त्या मिनिटात दुसरंच काही बोलायचं होतं आणि आपण ते बोलू दिलं नाही, हे बाबांना आता त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. किंवा ऐकायचं नव्हतं.

"ललित, तुया फोन आलता न..."

"हां," ललित म्हणाला. "मले थेच विचाराचं होतं. आल्यापासून विसरूनच राह्यलो. मोझरीले कोनता मामा हाये आपला?"

आईने भाकरीची टोपली त्याच्याजवळ सरकवली.

"मी लय आठवलं," तो म्हणाला. "आईकडचे सारे झाले. चांदूर रेल्वेचे, मूर्तिजापूरचे. मंग बाबांच्या मावसभावायकडं गेलो. रोज एक एक लगन आठवाचो, कोन कोन आलतं, पंगतीत कोन बाजूले बसलतं. मोझरीचं कोनीच भेटे ना. मले वाटलं, गेलं डोकं आपलं. बाबा विचारून राह्यले अन् आपल्याले मामाच आठवत नाही." तो घास चावत थांबला. "आमच्यात किशोर म्हणून कोकणातला कुक होता. त्याले सांगतलं. थो म्हणला, असेल रे कोणी, बाप कशाला खोटं विचारेल. थोही मंग विचाराले लागला रोज. आठवला का मामा?"

बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"मोझरीले आपलं कोनी नाही," ते म्हणाले.

"मंग?"

"खात्री कराले विचारलं होतं मी. तू कसा हायेस म्हणून. थे एका पुस्तकात..." ते थांबले. "पुस्तकात होतं."

ललितने त्यांच्याकडे पाहिलं. चिडेल असं मला वाटलं. चिडला असता तर बरं झालं असतं, निदान कोणाला तरी काही वाटतंय हे दिसलं असतं. पण तो नुसता बघत होता. एखादं यंत्र बंद का पडलं ते कळलं, आणि त्याचा आता काही उपयोग नाही, अशा वेळी फिटर बघतो तसा.

"म्हंजे घरही नाही?" तो म्हणाला.

"नाही."

"हां." त्याने भाकर मोडली, भाजीला लावली. "आमी बांधलं होतं थे."

आई त्याच्याकडे वळली. "काय बांधलं?"

"घर. मामा सापडे ना, मंग घर कसं असन थे पाहू म्हणलं. किशोरचे बाबा गवंडी हायेत, त्याले समजते. काडीनं चिखलात रेघा माराचो. भरती आली का पुसून जाय, मंग पुन्हा."

"किती खोल्या?" आईने विचारलं.

"दोन. पुढं ओसरी. मागं मोरी. जिना किशोर म्हने आतून घे, मी म्हने बाहेरून, वरची खोली भाड्यानं देता येते. त्याच्यावर आमचं लय दिवस भांडन झालं. तीन दिवस बोललो नाही एकमेकासंग."

"बाहेरूनच पायजे," आई म्हणाली. "पानी कुठून?"

"मागं बोअर."

"मोझरीकडं पानी खोल हाये," आई म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं, मला माहीत असेल म्हणून. मी मान डोलावली. तिने ललितच्या ताटात भाजी वाढली. मग ती बाबांकडे वळली. "तुमाले पायजे का?"

बाबांनी ताट पुढे केलं. ती वाढत असताना ते ललितला म्हणाले, "मीटर कुठं घेतला?"

ललितने विचार केला. "मीटरचं राहून गेलं."

"आत नाही घ्याचा. रीडिंगवाला आला का साऱ्या घरातून फिरते."

"ओसरीत घेतला त?"

"ओसरीत चालते. पन पावसाचं पानी लागते का तिथं?"

"छपराचा उतार मागं हाये."

"मंग चालते," बाबा म्हणाले, आणि ताटाच्या बाजूला, फरशीवर, ओल्या बोटाने त्यांनी ओसरीची रेघ ओढली. ललित जरा सरकून ती बघायला लागला.

"एवढी मोठी नाही," तो म्हणाला. "लहान हाये."